संपावर गोळी चालली, की देश कुणाचा होतो?

अकलूजवरून बोलतेय. आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून सुचला. त्याने विचारलं, "ताई, संप करणारे देशाचं नुकसानच करतात ना? मग त्यांना देशभक्त कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त आहे. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा आपल्याकडे कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींचे काय हाल झाले, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हाही हे वाक्य कानावर पडायचं. पण याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर, आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी ते सापडतं. चला, १९३० च्या सोलापुरात जाऊ.

तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंगा वाजला की शहर जागं व्हायचं. कामगारांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे सगळेच. मे महिन्याच्या सुरुवातीला मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली. बातमी आली आणि गिरण्या बंद पडल्या. आता नीट बघा, हा संप पगारवाढीसाठी नव्हता. ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर, त्यांनी एका माणसाच्या अटकेसाठी मजुरीवर पाणी सोडलं.

८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला जमाव शिंदीची झाडं तोडायला गेला. सरकारला दारूवर मिळणारा महसूल बुडवायचा, हा त्यामागचा विचार. पोलिसांनी धरपकड केली, लोक अडून बसले आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे नावाचा तरुण त्यात गेला. मग शहर पेटलं. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, कोर्ट जळालं. जमावाच्या हातून दोन पोलीसही मारले गेले. तीही आपल्याच मातीतली माणसं होती, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

त्यानंतर तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जवळपास उरलाच नव्हता. बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. सरकारने याचं उत्तर मार्शल लॉने दिलं. लष्कर आलं आणि जूनअखेरपर्यंत शहर त्याच्या ताब्यात राहिलं. डोक्यावर गांधी टोपी असणं हाच गुन्हा झाला.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली चौघांना फाशीची शिक्षा झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फासावर चढवलं. आडनावं परत एकदा वाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कुर्बान हुसेन तर गिरणी कामगारांची संघटना बांधणारा, 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवणारा जेमतेम विशीतला पोरगा. म्हणजे हे ऐकणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांच्या वयाचा!

सरकारचा हिशोब साधा होता: दहशत बसवा, लोक घरी जातील. पण ज्या कामगाराला 'देश' हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणातून लांबून ऐकू यायचा, त्याच्या गल्लीतच आता एक हुतात्मा होता. देश त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आला. बंदुकीने देशप्रेम दाबलं नाही, त्याला पत्ता दिला.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे, कारण समोर गोरं सरकार होतं. पण आपलंच सरकार असलं तर?

१९३८ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं, बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं. त्यांनी औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला आणि संप करणं फार अवघड करून ठेवलं. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असं डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात मांडलं. ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. त्या दिवशीही पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. आठच वर्षांपूर्वी गिरणी कामगार ज्यांच्या नेत्यासाठी संपावर गेले होते, आता कारभार त्यांच्याच हातात होता.

मग कामगार देशावर रुसला का? फेब्रुवारी १९४६ बघा. मुंबईत नौसैनिकांनी ब्रिटिशांविरुद्ध बंड केलं. मोठे पुढारी शांत राहा म्हणत असताना गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी संपावर गेले. गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली.

आणि स्वातंत्र्यानंतर? २१ नोव्हेंबर १९५५. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून कामगारांनी संप केला, फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ जण गेले. पुढे हा आकडा १०६ वर पोचला. आज ती जागा म्हणजे हुतात्मा चौक. तिथल्या पुतळ्यात मशाल धरलेले दोघे आहेत, शेतकरी आणि कामगार. आपलं राज्यही जन्माला आलं ते १ मे रोजी, कामगार दिनी.

मला यातून एकच गोष्ट दिसते. या माणसांना सरकार आणि देश यांतला फरक पुस्तकाशिवाय कळला होता. सरकार गोरं असो की आपलं, त्याने गोळी घातली म्हणून त्यांनी देश सोडला नाही. उलट विचारलं, हा देश आमचा पण आहे ना?

प्रत्येक संप बरोबरच असतो, असं मी म्हणत नाही. मागणी तपासा, पद्धत तपासा, भांडा. पण संपावर गेला म्हणजे देशाविरुद्ध गेला, हे माप लावलं तर सोलापूरच्या चौघांना कुठल्या रांगेत बसवणार?

पुढच्या वेळी सोलापूरला गेलात की चार पुतळ्यांपाशी दोन मिनिटं थांबा आणि चारही नावं वाचा. तुमच्या घरात कुणी गिरणीत काम केलं असेल तर त्यांना त्या दिवसांबद्दल विचारा आणि व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!