गायरान, विद्यापीठ आणि नावावर नसलेली जमीन

30 मार्च 2025. गुढीपाडवा. तिकडे तेलंगणात उगादी. आपण सणात होतो तेव्हा हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या 400 एकर रानात पोलिस बंदोबस्तात जेसीबी घुसले. आडवी आलेली पोरं पोलिसांनी गाडीत घालून नेली. आपल्याकडे ही बातमी दोन दिवस फिरली आणि विरली. पण या जमिनीचा 50 वर्षांचा हिशेब आपण मराठवाड्यातल्या लोकांनी तरी नीट वाचायला हवा. 1956 पर्यंत आपणही त्याच हैदराबाद राज्यात होतो.

सुरुवात 'कांचा' या शब्दापासून करू. तेलुगूत कांचा म्हणजे गुरं चारायचं रान. आपलं गायरानच म्हणा ना. महसुली दप्तरात या जमिनीची नोंद 'कांचा अस्तबल पोरंबोक सरकारी' अशी आहे. कांचा चराईचं, अस्तबल घोड्यांचं, पोरंबोक म्हणजे सारा नसलेली जमीन. एवढ्या शब्दांत 'विद्यापीठ' कुठेच नाही. सगळी गोम तिथेच आहे.

1969 मध्ये वेगळ्या तेलंगणासाठी आंदोलन पेटलं, 1972 मध्ये वेगळ्या आंध्रासाठी. त्यावर इंदिरा गांधींच्या सरकारने 1973 मध्ये सहा कलमी तोडगा काढला. त्यातलं एक कलम होतं हैदराबादला केंद्रीय विद्यापीठ. त्यासाठी घटनादुरुस्ती झाली, 1974 मध्ये कायदा झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर अनुशेष भरून काढण्यासाठी दिलेलं हे विद्यापीठ. सुरुवातीचे वर्ग सरोजिनी नायडूंच्या घरी, 'गोल्डन थ्रेशोल्ड'मध्ये भरले. मग शहराबाहेर गच्चीबावलीला सुमारे 2300 एकर जागा मिळाली. खडक, झुडपं, तळी. तेव्हा त्या जागेकडे कोण ढुंकून बघत होतं?

जागा मिळाली, पण मालकीचा कागद विद्यापीठाच्या नावावर झाला नाही. जागा सरकारची, सरकारनेच दिलेली, मग कागद कशाला, असंच तेव्हा वाटलं असणार.

1998 मध्ये शेजारी हायटेक सिटी उभी राहिली आणि खडकाला सोन्याचा भाव आला. मूळ जमिनीतून तुकडे निघत गेले. 2004 च्या सुरुवातीला त्या वेळच्या आंध्र सरकारने त्यातली 400 एकर एका खासगी क्रीडा कंपनीला दिली. बदल्यात गोपनपल्लीला विद्यापीठाला दुसरी जमीन दिली, असं सरकार सांगतं. 2006 मध्ये पुढच्या सरकारने तो करार मोडला. कंपनी कोर्टात गेली. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल सरकारच्या बाजूने लागला. जमीन खासगी घशात गेली नाही, हे चांगलंच झालं. पण ती सोडवून आणणाऱ्या सरकारनेच ती आयटी पार्कसाठी औद्योगिक महामंडळाकडे दिली.

गंमत बघा. वीस वर्षं तारखा पडत होत्या, म्हणून तिथे कुणाला वीट रचता आली नाही. तेवढ्यात रान वाढलं. मोर, हरणं, कासवं, दोनशेवर जातींचे पक्षी. जे कुणी लावलं नाही ते कोर्टकचेरीने राखलं.

सरकारचं म्हणणं एकच, दप्तरी हे जंगल नाही. पण 1996 मध्येच गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, मालकी कुणाची का असेना, शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल आहे ते जंगलच. 3 एप्रिल 2025 ला न्या. भूषण गवई (आपले अमरावतीचे) आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी स्वतःहून दखल घेऊन काम थांबवलं. तोवर सुमारे 100 एकर साफ झालं होतं. सुट्ट्या साधून एवढी घाई का, असंही कोर्टाने विचारलं.

एक गोष्ट पत्रकार म्हणून सांगायलाच हवी. त्या दिवसांत एआयने बनवलेले खोटे फोटोही भरपूर फिरले आणि सरकारला बोट दाखवायला जागा मिळाली. खरं रान डोळ्यांसमोर तुटत असताना खोट्या हरणाची गरज नव्हती.

मला यातून एकच दिसतं. कायद्याने लोकांना जे दिलं, ते कागदावर चढलं नाही तर भाव वाढायचाच अवकाश, कुणीतरी येऊन 'हे तुमचं नाहीच' म्हणतं. विद्यापीठाची पोरं निदान ओरडू तरी शकली. त्यांच्याही आधी या कांचावर ज्यांची गुरं चरली असतील, त्यांचं नाव या 50 वर्षांच्या भांडणात एकदाही कुणी घेतलं नाही.

म्हणून मंडळी, एक काम करा. आपल्या गावच्या गायरानाचा, शाळेच्या मैदानाचा, कॉलेजमागच्या माळाचा सातबारा काढा. नाव कुणाचं आहे ते बघा आणि खाली कॉमेंटमध्ये लिहा. जेसीबी आल्यावर तलाठी ऑफिसला पळण्यात अर्थ नसतो.