नगरची शाळा आणि हातांचे शिक्षण

नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूर आज औद्योगिक वसाहतीचे उपनगर म्हणून परिचित आहे. अशा कामगारवस्तीतील माध्यमिक शाळेने पुस्तकाखेरीज काय शिकवावे, हा प्रश्न नवा नाही. नगरने तो फार पूर्वी हाताळला आहे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला आपले ठाणे वसविले. १८३९ पासून मिस सिंथिया फरार यांनी तेथे मुलींच्या शिक्षणाला वाहून घेतले. त्यांच्या शाळा पाहून जोतिराव फुले यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडली. पुढे याच मिशनच्या सर दिनशा पेटिट औद्योगिक शाळेत अक्षरांबरोबर सुतारकाम व धातुकाम शिकविले जाऊ लागले. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला केवळ राबणे आले होते, त्यांच्या मुलांच्या हाती कसब आले. ही शाळा आपल्या पंथाची नव्हती. तरी तिचे ऋण मान्य करण्यात आपल्याला संकोच नसावा.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, तेव्हा नगरची ही जुनी वाट जणू साऱ्या देशाची झाली. परंतु शाळांत तो तास बहुधा गुणपत्रिकेपुरता उरला. याचा दोष एकट्या शिक्षकांचा नाही. मुलाचे हात मळू नयेत, असे आपणा पालकांनाच वाटते.

शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली घोषित केले. नाझरेथच्या सुताराला पूजणाऱ्या आपण त्या हक्कात श्रमाची प्रतिष्ठाही मोजावयास हवी.