तोंडाचा रोग आणि पोटाचा प्रश्न

परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरून जो कधी गेला असेल, त्याला टाटा रुग्णालयाजवळचा पदपथ विसरता येणार नाही. पथारी, पाण्याची बाटली, पिशवीत जपून ठेवलेले केसपेपर आणि पंच्याने तोंड झाकून बसलेला एखादा शेतकरी. सोबत बायको असते. बोलायचे ते तीच बोलते, कारण त्याला बोलता येत नसते.

हे रुग्णालय उभे राहिले ते मात्र एका श्रीमंत घरच्या दुःखातून. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशी वारल्या. पुढल्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केले. परदेशी जाऊन जे उपचार घ्यावे लागत ते इथे मिळावेत, हा मूळ हेतू. पण जागा पडली गिरणगावात. सभोवती कापडगिरण्यांची धुराडी, आणि धुराड्यांखाली चाळी.

गिरणीतल्या माणसाला तंबाखूची गाठ का पडली, याचा विचार आपण पांढरपेशे लोक क्वचितच करतो. विडीला काडी लागते, आणि कापसाच्या खात्यात काडी म्हणजे आग. चुन्यात मळलेली चिमूट मात्र गालात ठेवली की दोन्ही हात मोकळे राहतात, झोप उडते, भूकही थोडी मरते. तिच्यासाठी साचा थांबवावा लागत नाही. घरातल्या बायकांची तऱ्हा निराळी. त्यांची मिश्री. माझ्या आजीच्या चुलीशेजारच्या कोनाड्यात तिची डबी असे. दात घासायला म्हणून ती बोटावर येई आणि दिवसातून पाच वेळा दात घासले जात. याला व्यसन म्हणावे हे कुणाच्या मनातही आले नाही.

वैद्यकाला ही गाठ आधी दिसली ती दक्षिणेत. जुन्या त्रावणकोर संस्थानातल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात गालाच्या कर्करोगाचे रोगी इतके येत की आय. एम. ऑर या डॉक्टरांनी १९३३ साली तंबाखूचे पान खाणे आणि हा रोग यांचा संबंध ‘लॅन्सेट’मधून मांडला. त्याच रुग्णालयात हॉवर्ड सॉमरवेल हे शल्यविशारद होते. १९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांत हिमालय चढलेला हा माणूस पुढे वर्षानुवर्षे खेडूतांच्या तोंडात डोकावत बसला. मला त्याची ही दुसरी चढण अधिक अवघड वाटते. असो.

मुंबईत हे काम वसंत रामजी खानोलकरांनी केले. ओळीने आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा घेऊन त्यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगावर निबंध लिहिला. १९५५ साली संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी चघळणे आणि ओढणे यांचे परिणाम वेगळे करून दाखवले. चघळणाऱ्याला रोग मुख्यतः तोंडात होतो, विडी ओढणाऱ्याला अधिक मागे, जिभेच्या मुळाशी आणि घशाकडे. काम मोलाचे होते यात शंका नाही. पण त्यातून लोकांनी जे उचलले ते एवढेच, की दोष सवयीचा. सवय कोणत्या कामातून लागली आणि रोगी इतक्या उशिरा का आला, हे प्रश्न मागे राहिले.

आणि उशीर हाच या रोगातला खरा मारेकरी. पोटातली गाठ दिसत नाही, पण गालातला पांढरा चट्टा उजेडात दिसतो. सुरुवातीला सापडला तर बहुधा एका शस्त्रक्रियेवर भागते. हाडापर्यंत, मानेतल्या गाठींपर्यंत पोचला की जबडा काढावा लागतो, आणि वर सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, किरणोपचार. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. आता हिशेब मांडा. दीड महिना मुंबईत राहायचे कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तो पदपथ आहेच. आजाऱ्याची मजुरी बुडते आणि सोबतच्याचीही. पेरणी आली की माणूस ‘येतो परत’ म्हणून गावी जातो. सरकारी योजना आज शस्त्रक्रियेचे पैसे देतात, ही गोष्ट लहान नाही. पण बुडालेल्या दिवसांचे काय?

२०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतातल्या कर्करोगाच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१० साली तीस ते एकोणसत्तर वयाचे सुमारे ४५,८०० पुरुष तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाने गेले असा त्यातला अंदाज आहे. या वयाच्या पुरुषांत दुसऱ्या कोणत्याही कर्करोगाने एवढे बळी घेतले नाहीत. आणि एकूण कर्करोगाने मरण्याचे प्रमाण निरक्षर पुरुषांत सर्वाधिक शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. गुटखा कुणी खाल्ला एवढ्याने हे अंतर उलगडते असे मला वाटत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली; पण गालातला जुना चट्टा बंदीच्या हुकुमाने जात नाही.

तो पाहण्यासाठी कुणीतरी दारात यावे लागते. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, म्हणजे पुन्हा जुन्या त्रावणकोरच्याच भूमीत, हे करून पाहिले गेले. तेरा गट पाडले. त्यांतल्या सात गटांत शिकवून तयार केलेले, डॉक्टर नसलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन तोंडे तपासू लागले. २००५ साली निष्कर्ष आला. तंबाखू वा दारू घेणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. महागडे यंत्र नाही. उजेड, आणि शिकवलेली नजर.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. संशयास्पद आढळलेल्या ५,१४५ जणांना पुढे डॉक्टरांकडे जायला सांगितले होते. गेले ३,२१८. तोंड बघायला माणूस घरी आला होता. डॉक्टरकडे जायचे तर त्या दिवशीचे काम सोडून जावे लागणार होते.