परभणीच्या निळ्या मताचा मागोवा

१९३७च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्यात निवडणुका झाल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार कायदेमंडळात जाऊन बसले. १९३२च्या पुणे करारातून आलेल्या राखीव जागांवर झालेली ती पहिलीच निवडणूक. त्या वेळी परभणीत काय चालले होते हे पाहायचे तर आपल्याला सरहद्द ओलांडून निजामाच्या मुलखात यावे लागते. पुणे करार या मुलखाला लागू नव्हता. इथल्या महार-मांगांना मत नव्हते, आणि खरे सांगायचे तर गावच्या पाटलालाही नव्हते. आजच्या परभणीतील दलित राजकारणाची वंशावळ मांडताना ही गोष्ट विसरली जाते. पश्चिम महाराष्ट्रातल्या दलितांना निवडणुकीचा अनुभव परभणीच्या पंधरा वर्षे आधी मिळाला होता.

मत नसले तरी चळवळ होती. ३० डिसेंबर १९३८ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातल्या मक्रणपूर इथे भाऊसाहेब मोरे यांनी अस्पृश्यांची परिषद भरवली आणि बाबासाहेब तिला आले. 'जयभीम' हे अभिवादन याच परिषदेत पहिल्यांदा जाहीरपणे उच्चारले गेले, असे मराठवाड्यात अभिमानाने सांगतात. १९४२मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली आणि निळा झेंडा आला. हैदराबाद संस्थानात मात्र या झेंड्यापुढे एक अवघड प्रश्न उभा होता. बी. एस. व्यंकटराव आणि औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर या नेत्यांना वाटत होते की, सवर्ण हिंदूंच्या बहुमताखाली जाण्यापेक्षा निजामाशी जुळवून घेणे अस्पृश्यांच्या हिताचे आहे. बाबासाहेबांना हे पटले नाही. नोव्हेंबर १९४७मध्ये त्यांनी पत्रक काढून संस्थानातल्या अनुसूचित जातींना निजामाची आणि त्याच्या पाठीराख्या इत्तेहादुल मुस्लिमीन संघटनेची बाजू घेऊ नका, असे बजावले. आज व्यंकटराव-श्यामसुंदर यांच्यावर एका वाक्यात निकाल देणे सोपे आहे, पण ज्यांच्या हाती मतच नव्हते त्यांनी राजाशी सौदा केला, तर त्यात नवल ते काय?

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आले आणि १९५२ साली परभणीच्या गावकुसाबाहेरच्या माणसाने आयुष्यातले पहिले मत दिले. त्या निवडणुकीत फेडरेशनचे दोन खासदार लोकसभेत गेले. सोलापुरातून शेतकरी कामगार पक्षाशी हातमिळवणी करून पां. ना. राजभोज, आणि हैदराबाद राज्यातल्या करीमनगरातून एम. आर. कृष्णा. परभणीने मात्र शेकापच्या नारायणराव वाघमारे यांना निवडून दिले. जिल्ह्याचा पहिला खासदार लाल बावट्याचा होता, ही गोष्ट नंतरच्या भगव्या दशकांत झाकली गेली. १९७७मध्ये शेषराव देशमुखांच्या रूपाने हा बावटा परभणीतून पुन्हा एकदा दिल्लीला गेला, हेही जाता जाता नोंदवून ठेवू.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धर्मांतर झाले आणि मराठवाड्यात बौद्धवाडे उभे राहिले. मेलेले ढोर ओढणे, येसकरकी करणे, दवंडी पिटणे या गावकीच्या कामांना लोकांनी नकार दिला. गावगाड्याशी खरे भांडण इथून सुरू झाले. पण या नकाराची एक राजकीय किंमत होती आणि तिची चर्चा फार थोड्यांनी केली आहे. अनुसूचित जातींविषयीचा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदूंपुरता होता. १९५६मध्ये त्यात शीख आले. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडावे लागले. महाराष्ट्र राज्याने १९६०मध्ये नवबौद्धांना शिक्षणाच्या आणि नोकरीच्या सवलती दिल्या. राखीव मतदारसंघाचे दार उघडणे मात्र राज्याच्या हाती नव्हते. म्हणजे ज्याने बाबासाहेबांचे ऐकून कागदावर 'बौद्ध' लिहिले, तो राखीव जागेवर उभा राहू शकत नव्हता. चौतीस वर्षे ही जागा चळवळीतल्या सर्वांत जागृत समाजाच्या हाताबाहेर राहिली. दलित राजकारणाचे अपयश मोजणारे पंडित हा हिशेब मांडत नाहीत.

३ ऑक्टोबर १९५७ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच फुटलाही. तरी १९६४च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी पुकारलेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात तो सत्याग्रह आजही येतो. पक्ष फुटत गेला. जमिनीचा प्रश्न त्याहून टिकाऊ निघाला.

आता आपण १९७२च्या उन्हाळ्यात येऊ. दुष्काळ पडला होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांना मारहाण करून, नग्न करून त्यांची धिंड काढण्यात आली. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला होता. या दोन बातम्या मुंबईत पोहोचल्या आणि तिथल्या तरुण दलित लेखकांनी रिपब्लिकन नेत्यांची वाट पाहणे सोडून दिले. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली. १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, 'साधना'च्या विशेषांकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूला पन्नास, ही तफावत त्यांनी अशा शब्दांत मांडली की पुणे हादरले. ध्वजाविषयीच्या वाक्यावर वाद झाला, दुर्गाबाई भागवतांनी आक्षेप घेतला, मोर्चे निघाले. त्या गदारोळात ब्राह्मणगाव मागे पडले. पँथरचा इतिहास मुंबईच्या कामाठीपुऱ्यातून आणि वडाळ्यातून सांगण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण त्याची एक ठिणगी परभणीच्या विहिरीवर पडली होती.

२७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला, आणि मराठवाडा पेटला. परभणी आणि नांदेडच्या खेड्यांत दलितवस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. १९७९मध्ये जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च काढला. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या सोळा वर्षांत जिल्ह्याचे राजकारण मुळातून बदलले. नामांतराला उघड विरोध करत शिवसेना मराठवाड्यात आली आणि १९८९मध्ये तिच्या पाठिंब्यावर अशोकराव देशमुख परभणीतून लोकसभेत गेले. नामांतराची बाजू घेणाऱ्या पक्षांनी गावागावांतली आपली मते गमावली, असे म्हणण्याची प्रथा आहे. मला वाटते, ती मते नामांतराच्या आधीच सुटत चालली होती. नामांतराने त्यांना जायला वाट दिली.

जिल्ह्यात दलित आमदाराची हक्काची खुर्ची होती ती गंगाखेडची. जनाबाईंचे हे गाव २००८च्या पुनर्रचनेपर्यंत राखीव मतदारसंघ होते. इथून शेकापचे ज्ञानोबा हरी गायकवाड निवडून आले, पुढे १९९५मध्ये सीताराम घनदाट अपक्ष म्हणून आले. निळ्या झेंड्याच्या पक्षांना इथे पाय रोवता आले नाहीत. राखीव जागेवरही बहुसंख्य मते दलितेतरांचीच असतात, हा पुणे कराराचा जुना पेच गंगाखेडातही होता. पुनर्रचनेनंतर मतदारसंघ खुला झाला, आणि २००९मध्ये घनदाट तिथूनच पुन्हा अपक्ष निवडून आले. खुल्या जागेवर अनुसूचित जातीचा अपक्ष आमदार, ही घटना राज्याच्या चर्चेत फारशी आलीच नाही.

शिवसेनेच्या खासदारकीत १९८९नंतर एकदाच खंड पडला. १९९८मध्ये रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली, आणि प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे असे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. त्याच निवडणुकीत परभणीत काँग्रेसचे सुरेश वरपुडकर जिंकले. वर्षभरात गट विखुरले आणि १९९९ला शिवसेना परभणीत परतली. निळ्या मताने खुर्ची फिरवायची आणि दुसऱ्याला बसवायचे, हा इथला जुना रिवाज. २०१९मध्ये त्याची दुसरी बाजू दिसली. प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीने मुस्लिम उमेदवार दिला, त्याला सुमारे दीड लाख मते पडली, आणि शिवसेनेचे संजय जाधव ४२ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. जिल्ह्यात बौद्ध सुमारे दहा टक्के आणि मुस्लिम सतराच्या घरात आहेत. ते गणित मांडून पाहिले गेले, पण तिथेच थांबले. २०२४मध्ये मराठा आणि ओबीसी अशी नवी फळी पडली, ओबीसी नेते महादेव जानकर साताऱ्याकडून इथे लढायला आले, वंचितने हवामानाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख उभे केले, आणि जाधव मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आले.

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ला लागला. १० डिसेंबरला परभणी रेल्वे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, पोलिसांनी वस्त्यांत धरपकड केली. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हे कायद्याचे विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावले. ते वडार समाजाचे होते, म्हणजे महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जातीचे. निळा झेंडा एका जातीपलीकडे गेल्याची ही खूण होती. पाठोपाठ आंबेडकरी चळवळीतले इथले जुने नेते विजय वाकोडे यांचेही निधन झाले. १७ जानेवारी २०२५ला परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला, तो नाशिकपर्यंत गेला. सूर्यवंशी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे प्रकाश आंबेडकर स्वतः वकील म्हणून उभे राहिले. जुलैमध्ये खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.