पाखरांची बखर

आपल्याकडे बखरींना तोटा नाही. राजांच्या बखरी आहेत, सरदारांच्या आहेत, पानिपतासारख्या एकेका लढाईच्याही आहेत. पण ज्या पाखरांनी राजांच्या आधीपासून या मुलखात वस्ती केली, आणि राज्ये बुडाल्यावरही आपली वहिवाट सोडली नाही, त्यांची बखर लिहावी असे आपल्यापैकी कुणाच्या मनात फार काळ आले नाही. ती पुढे कुणी लिहायला घेतली, कशी लिहिली, आणि तीत एका लबाड कारकुनीने कसा घोळ घातला, याची ही हकीकत.

आपले वाडवडील काही आंधळे नव्हते. पावशा ओरडू लागला की त्यांना त्यात ‘पेरते व्हा’ असे ऐकू येई. डोक्यावर तुरा मिरवणारा काळापांढरा चातक दिसला की पाऊस मागोमाग आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानत. कामाला निघताना भारद्वाज दिसला की मन प्रसन्न होई आणि रात्री टिटवी ओरडली की चित्त दचके. पहाटे दारात येणारा पिंगळा जोशी तर पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते, असे सांगूनच भविष्य वर्तवी. आणि पावसाळा सरला की अंगणात तुरुतुरु धावणारा, क्षणोक्षणी शेपूट हलवणारा परीट पाहुण्यासारखा हजर होई. दिवाळीच्या पणत्यांइतकाच तोही या दिवसांचा सोबती.

पण हे सगळे ज्ञान तोंडी होते. परीट येतो, हे सर्वांना ठाऊक. तो कोणत्या तिथीला आला, गेल्या वर्षापेक्षा लवकर की उशिरा, हे कुणी टिपून ठेवले नाही. खरे सांगायचे तर शकुन पाहणारा माणूस पाखराकडे बघतच नाही. पाखराच्या आडून तो आपल्याच नशिबाकडे बघत असतो. म्हणूनच की काय, चातक हा आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या वाऱ्याबरोबर येणारा प्रवासी आहे, ही त्या तुषार्त भक्ताच्या कथेहूनही अद्भुत गोष्ट आपल्याला फार उशिरा कळली.

कागदावरची पहिली मोठी नोंद झाली ती परक्याच्या हातून. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. पेशवाई बुडाली त्या युद्धात तो इंग्रजांच्या बाजूने लढलेला, मराठी शिकलेला. 1824 साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करायला नेमले. माणसे, पिके, पाऊस, बाजारभाव यांची मोजदाद करता करता हा गृहस्थ पाखरेही मोजू लागला. 1832 साली त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापली गेली, आणि त्यातले पन्नासाहून अधिक पक्षी त्याने शास्त्राला नवे म्हणून मांडले. त्यांत आपली ढोकरीही होती. तळ्याकाठी समाधी लावून बसणारी ही मळकट बाई आपल्या कोळ्यांनी आणि गुराख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली. पण तिचा ‘शोध’ लागला तो साहेबाने कागदावर लिहिले त्या दिवशी! यात हसण्यासारखे आहे, तसेच शिकण्यासारखेही आहे. ज्याने लिहिले, त्याचे झाले.

मात्र त्या काळची लेखणी बंदुकीच्या नळीतून चाले. पक्षी मारायचा, कातडे सोलून त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची : काय, कोठे, केव्हा, कुणी. मारलेल्या जिवाबद्दल आज वाईट वाटते. पण ती चिठ्ठी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचेच महाभारत व्हायचे आहे.

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत काही निसर्गवेडे एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. बहुतेक साहेबच, पण त्यांच्या बरोबरीने प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले वैद्यही संस्थापकांत होते, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे. त्याच मंडळींत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन नावाचा एक गमत्या माणूस होता. जन्म साताऱ्याचा, काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिनचा शिक्षक, आणि पुढे मिठाच्या व जकातीच्या खात्यात नोकर. ‘ईहा’ या टोपणनावाने त्याने मुंबईच्या साध्यासुध्या पाखरांवर पुस्तक लिहिले. वाघसिंहांच्या शिकारकथांच्या त्या काळात कावळ्या-चिमण्यांवर प्रेमाने आणि विनोदाने लिहिणे, हेही एक बंडच म्हणायचे.

याच सोसायटीच्या दारात 1908 साली एक दहा-बारा वर्षांचा मुलगा मारलेली चिमणी घेऊन उभा राहिला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, आणि ही कोणती चिमणी, हे त्याला हवे होते. चिटणीस मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलले नाही. कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. एखाद्या मोठ्या माणसाने पोराच्या प्रश्नाला पाच मिनिटे दिली तर काय घडते, हे आम्हां शिक्षकांनी रोज सकाळी आठवावे असे आहे.

पुढे 1930 साली, जर्मनीत शिकून परतल्यावर, या सालिम अलींची नोकरीच गेली. मग ते कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, समुद्रकाठच्या किहीमला येऊन राहिले. जवळच सुगरण पाखरांची वसाहत होती. त्यांनी एक शिडी उभी केली, वर कापडाचा आडोसा बांधला, आणि बंदूक नव्हे तर वही घेऊन तासन्‌तास बसले. काय दिसले? आपण ज्या पाखराला कौतुकाने ‘सुगरण’ म्हणतो, त्याचा खोपा विणतो तो नर! अर्धा खोपा झाला की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला घर पसंत पडले तर ती संसार थाटते. अंडी उबवण्याचे काम मात्र तिचे एकटीचे. आणि हे गृहस्थ? ते शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या सौभाग्यवतीसाठी! हजारो वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर चाललेला हा संसार. पण खोपा कुणाचा आणि संसार कसा, याचा पुरा हिशेब लागला तो एका बेकार माणसाने शांत बसून पाहिले तेव्हा. बखर लिहायला जीव घ्यावा लागत नाही, वेळ द्यावा लागतो, हे किहीमच्या त्या शिडीने शिकवले.

आता त्या चिठ्ठीची गोष्ट. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. 1873 साली त्याला शास्त्रात नाव मिळाले. त्यानंतर खानदेशात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळवले, आणि 1884 नंतर हा पक्षी जणू भूमीत गडप झाला. मधल्या काळातला एकच पुरावा : 1914 साली गुजरातेतल्या मांडवीला तो आपण मिळवला, अशी कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाची चिठ्ठी. एवढा मोठा माणूस; अविश्वास कोण दाखवणार?

अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या विदुषीने ते पाखरू बारकाईने तपासले, आणि बिंग फुटले. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला डेव्हिडसनचाच जुना नमुना लांबवला होता, तो उसवून नव्याने भरला होता, आणि त्यावर आपल्या नावाची खोटी चिठ्ठी लावली होती. रासमुसेनबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी मग ती खोटी जागा बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, भर दिवसा, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही सापडला.

वाचकहो, या गोष्टीत मला पुराणकथेचे बळ दिसते. एका विख्यात माणसाच्या खोट्या ओळीने जगाला भलतीकडे पाहायला लावले. आणि फारसे नाव नसलेल्या एका अंमलदाराच्या खऱ्या ओळीने शतकानंतर पाखरू परत मिळवून दिले. पाखरांच्या बखरीत मानमरातबाला किंमत नाही. काय पाहिले, कोठे, केव्हा, एवढे तीन शब्द खरे असले की पुरे.

आपल्या भाषेत ही बखर लिहिली ती मारुती चितमपल्ली यांनी. वनखात्यात चाकरी करता करता त्यांनी आदिवासींकडून पाखरांची नावे आणि सवयी गोळा केल्या, पक्षिकोश रचला, हंसदेवाचे तेराव्या शतकातले ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आणले. वाडवडिलांचे तोंडी ज्ञान आणि साहेबाची कागदी शिस्त यांची गाठ त्यांच्या वहीत पडली. 2025 साली ते गेले. त्यांचा जन्म 5 नोव्हेंबरचा, सालिम अलींचा 12 नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधला आठवडा 2020 पासून महाराष्ट्रात पक्षिसप्ताह म्हणून पाळतात. दिवाळीच्या आगेमागेच तो येतो.

त्याची निकड का, ते माळढोकाला विचारावे. सोलापूरच्या नान्नजच्या माळावर त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झाले. तिथे त्याचे दर्शन आता जवळजवळ दुर्मिळातले दुर्मिळ झाले आहे. तो किती होता आणि केव्हा कमी होत गेला, हे आपण सांगू शकतो ते कुणीतरी उन्हात उभे राहून मोजले म्हणून. जे मोजलेच नाही, ते गेल्याचे दुःखही कुणाला होत नाही.

तेव्हा या सुट्टीत फराळाचे ताट हातावेगळे झाले की मुलांना घेऊन गावच्या तळ्याकडे एक फेरी मारावी. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. एक दोन रुपयांची पेन्सिल आणि पाठकोरी वही मात्र न विसरता न्यावी. परीट आला असेलच. तो कोणत्या तारखेला दिसला, हे मुलाच्या हातूनच लिहून घ्यावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. ओळ खरी असावी.