हिपॅटायटिस नाही, दारू नाही. तरीही लिव्हरचा कॅन्सर कसा होतो?

कात्रजला काय किंवा पुण्यात इतरत्र काय, पोटाची सोनोग्राफी केली की रिपोर्टवर बऱ्याचदा ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असा शेरा दिसतो. ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून तो कागद फाईलमध्ये जातो. बहुतेकांच्या बाबतीत त्यातून कॅन्सर होत नाही, हे खरं. पण हिपॅटायटिस बी किंवा सी नसलेल्यांना लिव्हरचा कॅन्सर होतो, त्यामागची दोन मोठी कारणं म्हणजे दारू आणि हीच साठलेली चरबी.

‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असूनही आत चरबी, ही आपली ठेवण. पोटाचा घेर आणि डायबेटिस वजनकाट्यापेक्षा जास्त सांगून जातात. डायबेटिस असेल तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट होतो.

चरबीमुळे लिव्हरला सूज येते, वर्षानुवर्षं व्रण पडत जातात आणि शेवटी सिऱ्हॉसिस होतो. कॅन्सर बहुधा याच टप्प्यावर येतो. पण फॅटी लिव्हरच्या काही रुग्णांत तो सिऱ्हॉसिसच्या आधीच होतो. अशा माणसाची नियमित तपासणी होत नसते, त्यामुळे गाठ सापडते तेव्हा ती अनेकदा मोठी झालेली असते.

बाकी कारणांत तंबाखूचं धूम्रपान, शरीरात लोह साठण्याचा आनुवंशिक आजार आणि बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष येतं. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. तेच विष थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सरचा धोका वाढतो. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. काळपट, बुरशी लागलेले शेंगदाणे कुटात न घालता फेकलेलेच बरे.

सुरुवातीला लक्षणं जवळपास नसतात. पुढे उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणं, भूक मंदावणं, वजन घटणं, थकवा. कावीळ, पोटात पाणी, पायांना सूज, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर थांबू नये.

फॅटी लिव्हरसोबत डायबेटिस असेल तर ‘फिब-४’ विचारावा. वय, दोन लिव्हर एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून हा आकडा निघतो; वेगळी महागडी चाचणी लागत नाही. तो जास्त आला तर फायब्रोस्कॅन करतात. सिऱ्हॉसिस ठरला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी करतात. एएफपी नॉर्मल आली म्हणून गाठ नाही असं मात्र नसतं, आणि पोटावर चरबी जास्त असेल तर सोनोग्राफीतही लहान गाठ निसटू शकते. शंका असेल तेव्हा डॉक्टर सीटी स्कॅन किंवा एमआरआय सांगतात.