पदवी मिळाली, पुढे काय झाले?



कॉलेजच्या पायऱ्या मी चढलो त्या निवेदने घेऊन. विद्यार्थी म्हणून नव्हे. तेव्हा कोल्हापूरच्या पदवीधरांच्या इतिहासावर मी बोलावे, हा कोणाला आगाऊपणा वाटेल. पण गेली तीस वर्षे युनियनच्या कचेरीत बसून मी सभासदांचे अर्ज भरून घेत आलो आहे. त्या अर्जात नाव, वय, खाते यांच्याखाली 'शिक्षण' असा एक रकाना असतो. आरंभी तेथे 'सातवी', फार तर 'दहावी नापास' असे लिहावे लागे. आता 'बी.ए.', 'बी.एस्सी.' येते, आणि सांगणारा मान खाली घालून सांगतो. ती मान खाली का जाते, याचा शोध घेता घेता मी मागे गेलो.

कॉलेजे आपल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या याद्या करतात. त्यांत मंत्री असतात, न्यायाधीश असतात. पदवीचा खर्च कोणी सोसला, हे मात्र त्यांत नसते. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले. थोड्याच दिवसांत गोपाळ कृष्ण गोखले तेथे विद्यार्थी म्हणून आले. वडील वारले होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा धाकट्याला पाठवीत. गोपाळरावांनी पुढे मुंबईस जाऊन १८८४ साली बी.ए. केले. नामदार गोखल्यांची चरित्रे पुष्कळ झाली. उरलेल्या सात रुपयांत गोविंदरावांनी प्रपंच कसा केला, हे मला वाचावयाचे आहे.

तथापि गोखल्यांना निदान मॅट्रिकपर्यंत वाट होती. ज्याच्या घरात अक्षरच नाही, त्या कुणब्याच्या पोराचे काय? शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. महाराजांनी १९०२ च्या २६ जुलैला निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ साली, मराठा बोर्डिंग निघाले होते, इकडे लक्ष कमी जाते. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. आधी झोपावयास जागा व दोन वेळची भाकरी, मग नोकरीचा हुकूम, असा तो क्रम आहे. उपाशी माणसाला हक्काचा कागद देऊन भागत नाही, हे आम्ही संघटनेची माणसे अनुभवाने शिकलो. महाराजांना ते आधीच उमगले होते.

या वसतिगृहांच्या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस पदवीधर नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर अंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडले. परीक्षांनीही त्यांना साथ दिली नाही. पुढे कंदील विकले, नांगर विकले, आणि १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. मुलांनी राबावे व शिकावे, ही त्यांची रीत. पुणे विद्यापीठाने १९५९ साली त्यांना डी.लिट. दिली, त्याच वर्षी ते गेले. किती जणांच्या पदव्या या बिनपदवीच्या माणसाच्या नावावर मांडाव्या लागतील, ते आपणच ठरवा.

पदवीची मोहोर मात्र दूरची होती, प्रथम मुंबईची आणि १९४९ नंतर पुण्याची. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण तुरुंगवास भोगून राजाराम कॉलेजात आले आणि १९३८ साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. तेच मुख्यमंत्री असताना, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. चिनी आक्रमणाचे दिवस होते. त्याच महिन्यात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे पंडित. ताराबाईकालीन कागदपत्रे त्यांनी संपादिली. सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली वेगळे झाले.

आणखी एका पदवीधराचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. गोविंद पानसरे नगर जिल्ह्यातून येथे आले. वर्तमानपत्रे विकली, नगरपालिकेत शिपाईगिरी केली, मास्तरकी केली, राजाराम कॉलेजातून बी.ए. झाले आणि मग वकील. ती वकिली कामगारांसाठी झिजली. फेब्रुवारी २०१५ मध्ये याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पदवीचे पुढे काय केलेत, असे अण्णांना कोणी विचारले असते तर ते नुसते हसले असते.

आता माझे गाऱ्हाणे. विद्यापीठापाशी किती पदव्या दिल्या याचा हिशेब आहे. त्या पदव्या घेऊन माणसे कोठे गेली, याचेही दप्तर हवे. आप्पासाहेबांनी ताराबाईंचे कागद जपले, तसे कोणी या पोरांचे कागद जपावेत: बापाने कोणते शेत गहाण टाकले, आईने किती वर्षे भांगलण केली, आणि आज पोरगा काय कमावतो.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण कचेरीत आला. इतिहासाचा पीएच.डी. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवितो. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही. शिवाय संध्याकाळी एका फौंड्रीत हजेरीपट लिहितो. अर्जातल्या 'व्यवसाय' रकान्यात काय लिहू, असे त्याने विचारले. मी म्हटले, "बाळा, हजेरी कुठं लागते ते लिही." त्याने 'कामगार' असे लिहिले, शिक्षणाचा रकाना कोरा ठेवला. तो मी त्याच्याकडून भरून घेतला. पुढच्या आठवड्यात तो आणखी तिघांना घेऊन आला. दोघे एम.ए., एक मुलगी एम.एस्सी. त्यांच्यासाठी आम्ही वेगळी वही घातली आहे. दर रविवारी सकाळी दहाला ती उघडते.